आठवं नाव

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं की समोरच्याला वाटतं, मी एखाद्या मास्तरांचं नाव घेईन. मास्तर चांगले होते, त्यांचाही मी ऋणी आहे. पण पहिलं नाव पारबतीकाकीचं. नात्यानं ती माझी कोणी नव्हती. आमच्या घराची आणि तिच्या घराची मधली भिंत एक होती, एवढंच. तिला अक्षराची ओळख नव्हती, पण आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी झालो तो तिच्यामुळे. आणि तसा होण्याआधी एकदा मी माझ्या हातानं, चांगल्या वळणदार अक्षरात, तिचं नाव मेलेल्या बायांच्या यादीत लिहिलं होतं.

आमचं गाव पैनगंगेच्या अगदी काठावर. रिसोडचा बाजार बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आणि नदीच्या पलीकडे मोगलाई. इकडे इंग्रजाचा अंमल, तिकडे निजामाचा. पाणी मात्र दोघांनाही सारखंच गढूळ येई. दोन घरांमधल्या त्या भिंतीत एक आरपार कोनाडा होता. बांधणाऱ्यानं तो चुकून तसा ठेवला की मुद्दाम, हे कोणालाच माहीत नव्हतं. त्यातून विस्तव इकडून तिकडे जाई, ताक तिकडून इकडे येई, आणि दिवसभर बोलणं तर चालूच असे. सकाळी जात्याची घरघर थांबली की काकीचा आवाज यायचा, "किसना, उठला का रे?" माय इकडून म्हणायची, "झोपू दे वं त्याले, मॅट्रिक झाला तो." की तिकडून लगेच, "मंग? मॅट्रिकवाल्याले काय सूर्य उशिरा उगवते?" मागोमाग कोनाड्यात ज्वारीच्या कण्यांची वाटी सरकायची, वर ताक आणि बाजूला लसणाची चटणी. काकीला मूलबाळ नव्हतं. नवरा नारायणकाका हा अगदी गरीब स्वभावाचा, हळू बोलणारा माणूस. ती बोलायची आणि तो मान हलवायचा, असा त्यांचा संसार. माझे बासुद्धा कमीच बोलत. त्यामुळे त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना बायांचं राज्य होतं, आणि ते फार सुखाचं राज्य होतं असं मला आज वाटतं.

काकी निंदणाच्या टोळीची पुढारीण होती. चौदा बाया तिच्या शब्दावर शेतात उतरत. शेतात प्रत्येकीला ओळीचा एक पट्टा मिळतो, त्याला आमच्याकडे पात म्हणतात. कडेची, काट्याकुट्याची पात काकी नेहमी स्वतःकडे घेई आणि टोळीत नवी सून आली की तिची पात आपल्या शेजारी लावी, म्हणजे ती मागे पडली तर काकीचे हात तिकडेही चालत. मी वाशीमच्या शाळेतून सुट्टीत घरी यायचो तेव्हा वाटेतल्या रिठदपर्यंत कोणाच्या तरी गाडीत आणि पुढे पायी. गावात शिरताना आधी निंदणाऱ्या बायांची रांग दिसायची आणि रांगेतून हाक यायची, "आला वं आमचा सायेब! साखर आनली का वाशीमची?" मी मॅट्रिक पास झालो तेव्हा तिनं शेतात गोवऱ्यांवर रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली आणि सगळ्या टोळीला जेवू घातलं. माझ्या मायला त्यात कांद्यालासुद्धा हात लावू दिला नाही.

तो पावसाळा मी घरीच होतो. मॅट्रिक झालो खरा, पण पुढचं कॉलेज अमरावतीला. तिथं राहायचं कुठं आणि खायचं काय, याचं उत्तर आमच्या घरात नव्हतं. बा एवढंच म्हणाले होते, "होईन काई तरी." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

भाद्रपदात पलीकडे मोगलाईत निंदणाला बाया कमी पडल्या, म्हणून काकीची टोळी रोज डोंग्यातून नदी ओलांडू लागली. त्या दिवशी वर कुठं तरी पाऊस झाला असावा. दुपार उलटल्यावर बाया परत निघाल्या तेव्हा पाणी चढू लागलं होतं, आणि मधोमध डोंग्यावर वाहत आलेलं बाभळीचं खोड आदळलं. मी काठावर नव्हतो. मला फक्त आठवतं ते हे, की गावातली सगळी माणसं एकाच दिशेनं पळत होती आणि कोणीही ओरडत नव्हतं. सात बाया काठाला लागल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सात जणींची अंगं सापडली. त्यांत चंद्री होती, लग्नाला वर्षही न झालेली, काकीच्या शेजारच्या पातीवरची. वाचलेल्यांपैकी एक जण म्हणाली, "काकीनं चंद्रीचा हात धरला होता. मंग दोघी दिसल्याच नाई." काकी सापडली नाही.

आमच्याकडे मरण झालेल्या घरी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकर नेतात, त्याला कडू घास म्हणतात. भेटायला गेलेला माणूस रामराम घालत नाही, त्याला कोणी 'या' म्हणत नाही. तो भिंतीला टेकून बसतो, बोललाच तर पाण्यापावसाचं बोलतो आणि मुकाट्यानं उठून जातो. निघताना 'येतो' म्हणायचं नाही, हे तर लहान पोरालाही ठाऊक असतं. अशा कामासाठी त्या दारी पुन्हा यायची वेळ कोणावर न येवो, म्हणून. त्या आठवड्यात मी मायबरोबर सात घरं फिरलो आणि सातही घरांतून न बोलता उठलो. आठव्या घरी, म्हणजे भिंतीपलीकडे, भेटायला जाता येत नव्हतं. नारायणकाका म्हणत होते, "अंग सापडल्याबिगर मी काईच करत नाई." ते दिवसभर काठावर बसत.

तिसऱ्या दिवशी गावात पिवळ्या पेटीचे लोक आले. जिल्ह्याच्या कौन्सिलची निवडणूक तोंडावर होती. मत देणाऱ्यांना वाचता येत नसे, म्हणून प्रत्येक पक्षाची पेटी वेगळ्या रंगाची असायची. निवडून आलेले होते तांबड्या पेटीचे. त्यांना पाडायला निघालेले पिवळ्या पेटीचे. पिवळ्यांचे पुढारी एक वकीलसाहेब होते. चिखलात मोटार रुतली तेव्हा ते उरलेली वाट पायी आले, हे मला तेव्हा फार थोर वाटलं. आजही ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. चंद्रीच्या सासऱ्याच्या घरी ते जमिनीवर बसले, त्यांनी डोळे पुसले. आणि उठताना हात जोडून म्हणाले, "बरं, येतो. आम्ही पुन्हा येऊ." घरातल्या म्हातारीनं तोंडाला पदर लावला. चंद्रीचा सासरा नुसता "अरे बापा!" म्हणाला. दुसऱ्या दिवशी तांबड्या पेटीचे मेंबर आले, झेंडूचे हार आणि पत्र्याचा कर्णा घेऊन, आणि तेही प्रत्येक दारातून "पुन्हा येऊ" म्हणतच बाहेर पडले. संध्याकाळी बा म्हणाले, "दोगंबी येनार म्हंते. आता आपल्याले नदीच वाचवन." त्या सगळ्या आठवड्यात ते एवढंच बोलले.

बुडालेल्या बायांच्या घरांपैकी बहुतेकांना मतच नव्हतं. शेतसारा भरणाऱ्यालाच मत असे. पण रिसोड-वाशीमच्या बाजूला मतं पुष्कळ होती आणि ही हकीकत तिथं सांगायची होती. पिवळे म्हणत, मेंबरांनी पूल केला नाही म्हणून बाया मेल्या. तांबडे म्हणत, डोंगा पिवळ्यांच्या माणसाचा, तो कुजका होता. पुलाची गरज खरी होती. डोंग्याला भेग होती, तेही खरं होतं. पण दोघांनाही ते आधीच्या पावसाळ्यात आठवलं नव्हतं.

पाटलांसाठी मी एक अर्ज लिहून दिला होता, तो वकीलसाहेबांच्या हाती पडला. "हे अक्षर कोणाचं?" त्यांनी विचारलं. मला पुढे केलं गेलं. त्यांनी माझी चौकशी केली, इंग्रजीत दोन प्रश्न विचारले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अमरावतीच्या बोर्डिंगात आमचा शब्द चालतो. येत्या जूनला तुझी जागा धर. राहणं, जेवण, सगळं. आता एक पत्रक लिही. तुझ्या गावाचं दुःख तुझ्याइतकं कोण लिहिणार?"

मी लिहिलं. 'पैनगंगेचा टाहो' असं वर नाव दिलं. कोठे आहे पूल, कोठे आहे सरकारी होडी, असे एकाखाली एक सवाल टाकले. खाली बुडालेल्या बायांची यादी हवी होती. "सात की आठ?" वकीलसाहेबांनी विचारलं. एवढे दिवस झाले होते, सगळं गाव आठच म्हणत होतं. मी म्हणालो, "आठ." आणि आठवं नाव लिहिलं. लिहिताना रडलो. पण छापलेला गठ्ठा आला, आपलं वाक्य आपल्यासमोर काळ्या ठसठशीत अक्षरांत आलं, तेव्हा माझ्या छातीत जी गुदगुली झाली, ती रडण्यातली नव्हती. ती मला अजून आठवते, आणि अजून तिची लाज वाटते.

मायनं ते पत्रक उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. मरणाचं पत्रसुद्धा आमच्याकडे बाहेरच वाचून फाडतात. "मेल्याचा कागद घरात कायले आनतं? अन् अंग सापडलं नाई तं तिचं नाव काहून लिवलं?" मी म्हणालो, "सगळे म्हणतात." "सगळे म्हंते, लिवलं कोनं?" त्याच दिवशी नारायणकाका पत्रक घेऊन आले. कागद उलटा धरला होता. "यात तिचं नाव कोनतं हाये, बोट ठेव बाबू." मी सरळ करून बोट ठेवलं. त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं. "लहानच हाये की," म्हणाले, आणि त्या जागेवर अंगठा ठेवून तसाच तो कागद घरी घेऊन गेले.

पिवळ्यांची मोठी दुखवट्याची सभा नदीच्या उतारावर ठरली होती. वाशीमहून माणसं यायची होती, आणि यादी मी वाचायची होती. सभेच्या आदल्या सकाळी शाळेच्या ओसरीत मी आणि वकीलसाहेब गठ्ठे बांधत होतो, तेव्हा ओल्या धोतरातला एक माणूस आला. मोगलाईतला भोई, सटवाजी. म्हणाला, "तुमच्या गावची एक बाई हाय आमच्याकडं. लई खाली जाऊन काठाला लागली. तापानं फणफणत व्हती, काल शुद्धीवर आली. पारबती म्हणती. पाण्याला उतार नव्हता, म्हणून सांगायला जमलं न्हाई."

मी उठून पळणारच होतो. वकीलसाहेबांनी माझं मनगट धरलं. त्यांनी आधी सटवाजीला चहा द्यायला सांगितलं आणि मला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज चढला नाही. "आनंदाची गोष्ट आहे. पण ऐक. आठ छापलं, आठ सगळ्या तालुक्यात गेलं. उद्या सात म्हटलं तर तांबडे म्हणतील, यांचं सगळंच खोटं, पूलही खोटा. बाई आजारी आहे, तिला आठ दिवस तिकडेच राहू दे. मतदान झालं की आपण स्वतः आणू. तू जा, तुझं ती ऐकेल." मग थोडं थांबून म्हणाले, "बोर्डिंगवाल्यांना मी कालच लिहिलंय."

मी गेलो. हे लिहिताना वाटतं, त्या वेळी कोणी तरी मला अडवायला हवं होतं. पण मला अडवणारी एकच बाई होती आणि तिच्याकडेच मी चाललो होतो. सटवाजीनं दोन मोठे वाळके भोपळे माझ्या बगलांखाली बांधले आणि स्वतः पोहत मला ओढत पलीकडे नेलं.

काकी भोयाच्या झोपडीत भिंतीला टेकून बसली होती. चेहरा निम्मा झाला होता. मला पाहून म्हणाली, "आला का? मले वाटलंच, पयले तूच येशीन." मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं सगळ्यांत आधी विचारलं, "कोन कोन हाये?" मी वाचलेल्यांची नावं सांगितली. ती बोटांवर मोजत होती. सात बोटांवर ती थांबली. "चंद्री?" मी मान खाली घातली. "हात सुटला माया," ती म्हणाली. "धरला होता रे. सुटला." मग ती पदर तोंडात धरून रडली, आवाज न करता, आणि भोईण तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग मी निरोप सांगितला. सांगताना मी पुस्तकी मराठीत बोलत होतो, हे मला जाणवत होतं.

"म्हंजे मी मेली असं सांगतलं तुमी?"

"छापलं आहे."

"कोनं लिवलं?"

"मी."

ती थोडं हसली. "अक्षर तं चांगलं काढलं का?" तिनं पुढं विचारलं, "अन् तुया काकाले?"

"त्यांनाही मतदानानंतर सांगायचं म्हणतात."

"म्हंजे तोवर तो रडत बसन." मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, "तुले काय देनार हाये तो वकील?"

"अमरावतीच्या बोर्डिंगात जागा. कॉलेज होईल."

तिनं विचार केला. माणूस बाजारात बैल घ्यावा की न घ्यावा याचा करतो, तसा शांतपणे केला. मग म्हणाली, "तं मंग राहीन मी मेलेली. आठ दिवस काय, पोरगं शिकत असन तं महिनाभर राहीन. तुया काकाले मी मांगून समजावीन." आणि भोईणीला बाजूला करून तिनं तव्यावर स्वतः एक भाकर थापली, कारण मी उपाशी असेन म्हणून. मी ती खाल्ली. कशी खाल्ली कोण जाणे.

निघायची वेळ झाली. मी उठलो आणि दाराकडे वळलो. आठवडाभर घरोघर हेच केलं होतं, अंगाला सवय झाली होती. मागून हाक आली, "किसना, येतो म्हन नं."

मी उभाच.

"बाकीच्यायसाठी मेली असन मी, तुयासाठी नाई. येतो म्हन बाबा."

"येतो काकी," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी मी घरी कोणालाच काही सांगितलं नाही. भिंतीपलीकडे नारायणकाका काही तरी शिजवत होते. करपल्याचा वास येत होता. थोड्या वेळानं कोनाड्यात वाटी सरकली. करपलेल्या कण्या, वर पाण्यासारखं ताक. मायनं विचारलं, "हे काय भाऊजी?" पलीकडून आवाज आला, "तिची देयाची वेळ झाली ना, म्हनून." मी तोंड फिरवून भिंतीला डोकं टेकलं. ती वाटी मी रिकामी केली, करपलेल्यासकट.

दुसऱ्या दिवशी उतारावर खूप गर्दी होती. वकीलसाहेबांनी भाषण छान केलं. मेलेल्यांच्या घरची माणसं पुढच्या रांगेत बसवली होती, नारायणकाकाही. त्यांच्या हातात पत्रक होतं आणि त्या एका जागेवर अंगठा दाबलेला होता. मी यादी वाचू लागलो. एकेक नाव घेतलं की एकेका ठिकाणाहून हुंदका येई. सातवं नाव चंद्रीचं होतं. ते वाचून मी वर पाहिलं, तर नारायणकाका अंगठ्याखालचं नाव ऐकायला कान देऊन बसले होते.

मी म्हणालो, "आठवं नाव चुकलं. माझ्या हातून चुकलं. पारबतीकाकी जिवंत आहे. पलीकडं भोयाच्या घरी आहे, तापानं पडली होती. काल मी तिच्या हातची भाकर खाल्ली."

मग नारायणकाकांचा तो हळू आवाज आला, "तापात भाकर कायले केली तिनं?" आणि ते उठले आणि सरळ नदीकडे चालू लागले. गुडघाभर पाण्यात गेले तेव्हा चौघांनी त्यांना धरलं. वकीलसाहेब क्षणभरच गोंधळले. पुढच्याच क्षणी त्यांचा आवाज घुमला, "बंधूंनो, आमच्या स्वयंसेवकांनी जिवावर उदार होऊन या माउलीला वाचवलं आहे!" गर्दीतून तांबड्यांचा एक जण ओरडला, "कालवरी मारली होती, आज जगवली का?" लोक हसले. बाया बुडाल्यापासून गावात कोणी हसलं नव्हतं. हसता हसता पुष्कळ जण रडू लागले.

दोन दिवसांनी पाणी उतरलं. सटवाजी काकीला घेऊन आला तेव्हा काठावर दोन्ही पेट्यांचे लोक हार घेऊन उभे होते, आणि तिला हात देऊन आधी कोणी उतरवायचं यावरून त्यांची ढकलाढकल चालली होती. काकी स्वतःच उतरली, भोईणीच्या लुगड्यात. तिच्या गळ्यात दोन हार पडले. "हे कायले?" तिनं विचारलं. "तुम्ही वाचलात म्हणून," वकीलसाहेब म्हणाले. "अन् नाई वाचल्या त्यायले?" दोन्ही हार काढून ती चार पावलं मागे गेली आणि तिनं ते पाण्यात सोडले. ते वळणापर्यंत जाईतो ती बघत राहिली. मग दोन्ही पुढाऱ्यांना म्हणाली, "आता जा तुमी आपआपल्या घरी. अन् जाताना येतो म्हनू नका."

निवडणूक दोघांपैकी एकानं जिंकली. कोणी, ते सांगण्यात अर्थ नाही. पूल त्यानं बांधला नाही. तो माझे केस पांढरे झाल्यावर झाला, आणि फीत कापायला तिसऱ्याच पक्षाचे लोक होते. आता कुठं अपघात झाला की टीव्हीवर पुढाऱ्यांच्या मोटारींची रांग दिसते. नातवंडं विचारतात, आबा तुम्ही मधेच उठून का जाता. मी सांगत नाही. त्या रांगेत कागद बांधत बसलेला कोणी मॅट्रिक झालेला पोरगा असेल, असं मला वाटत राहतं.

वकीलसाहेब जाताना मला म्हणाले होते, "तू हुशार आहेस, पण उपयोगाचा नाहीस." ते रागानं म्हणाले नाहीत, हळहळून म्हणाले. काकीनं मात्र पहिल्याच संध्याकाळी कोनाड्यातून वाटीऐवजी तोंड आत घातलं. "मी राहतो म्हनलं होतं ना मेली? बोर्डिंग घालवलं ना, गाढवा?" मी म्हणालो, "नाव वाचवेना काकी." तिनं तोंड मागे घेतलं. थोड्या वेळानं वाटी आली, कण्या नेहमीसारख्या.

अंगात ताकद आली तशी ती चालत रिसोडला गेली. तिथं एका जैन शेठजींकडे ती वर्षानुवर्षं मिरच्या निवडायला जात असे. त्यांच्या भावाचं अमरावतीला धान्याचं दुकान होतं. काकीनं शेठजींना काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही, पण जूनमध्ये दुकानावरची माडी मला राहायला मिळाली आणि त्यांच्या मोटारीतून दर महिन्याला ज्वारीच्या पिठाची गोणी येऊ लागली. वाचलेल्या सात जणी आणि काकी मिळून ते पीठ दळत. गोणीचं तोंड लुगड्याच्या काठाच्या चिंधीनं शिवलेलं असे. चार वर्षांत एकही महिना चुकला नाही. एकदा मी म्हणालो, "काकी, हे कधी फिटायचं?" ती म्हणाली, "मी तं मेलेली होती ना? मेलेल्याचं फेडा लागत नाई."

बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी तिला पत्र लिहिलं. पुढे पुष्कळ वर्षांनी ती गेली तेव्हा त्या कोनाड्यात, वाट्यांच्या मागे, कापडात गुंडाळलेलं ते सापडलं. घडीवर पिठाचे डाग होते, पण कागद कुठं फाटलेला नव्हता. शाळेत शिकवलं होतं की 'तीर्थरूप' हा मायना फक्त आईवडिलांना लिहावा. तो नियम मी मोडला होता. पत्र जसंच्या तसं देतो:

॥ श्री ॥

तीर्थरूप सौ. पारबतीकाकीचे सेवेशी, किसनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र मास्तरांकडून वाचून घे. दारात उभी राहून ऐकू नको, मास्तरांना घरात बसव. हा चांगल्या बातमीचा कागद आहे, घरात नेला तरी चालतो. मायलाही कोनाड्याशी बसायला सांग, म्हणजे तिकडून तिला ऐकू येईल.

मी पास झालो. आज सकाळी वर्तमानपत्रात नावं आली. पुष्कळ नावं होती, बारीक अक्षरात. मी बोट ठेवून माझं शोधलं. शोधताना मला काकांचा अंगठा आठवला. त्यांना सांग, हेही नाव लहानच छापलंय.

मी पुष्कळ कागद लिहिले, काकी, पण एक नाव लिहून चुकलो आणि ते खोडलं, एवढंच एक काम मला धड जमलं असं वाटतं. तू राहते म्हणाली होतीस. मला ते पेललं नाही. बोर्डिंगात राहून शिकलो असतो तर आज तुला हे पत्र कोणत्या तोंडानं लिहिलं असतं?

सातही जणींना माझा नमस्कार सांग. चंद्रीच्या सासूलाही सांग. तिच्या घरी मी स्वतः जाईन.

गोणी आता पाठवू नका. शेवटच्या गोणीची चिंधी मी जपून ठेवली आहे. परवा शेठजींची मोटार रिसोडला निघते. तिथून चालत निघालो की दिवस मावळायच्या आत पोचेन. कण्या कर. ताक आंबट असलं तरी चालेल.

येतो.

तुझा,
किसना